चालणारा कापूस

स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते आणि आता रोज दुपारी झोपायचं असं ठरवलं होतं. अंधेरीच्या एका विमा कचेरीत सत्तावीस वर्षं मी लोकांचे अर्ज तपासले. कुणी तारीख चुकवलीय, कुणी सही विसरलाय, हे मला कागद हातात येण्याआधीच दिसायचं. या गुणाचा घरी मात्र काही उपयोग होत नव्हता. तिसऱ्याच आठवड्यात नवरा म्हणाला, "तू वाण्याच्या यादीवर लाल पेनाने खुणा करतेयस. बाई गं, कुठेतरी जात जा."

जायला जागा आपोआप चालून आली. माझी एक शाळेतली मैत्रीण आहे. बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या कुंपणाला लागून तिच्या सासऱ्यांची जमीन आहे आणि तिथे ती ऑर्किडची फुलं पिकवते. तिच्या मुलीचं बाळंतपण ऑस्ट्रेलियात होणार होतं. जानेवारीत तिचा फोन आला, "चार महिने हरितगृह तू सांभाळ गं."

"अगं, माझ्या घरी तुळस जगत नाही."

"तुला चुका दिसतात ना? बस्स. झाडावरचा किडा म्हणजे चूकच असते. बाकीचं काका बघतील."

हरितगृह म्हटल्यावर मला काचेचा महाल दिसत होता. प्रत्यक्षात होता लोखंडी पाइपांचा सांगाडा. वर जाड प्लास्टिक, त्याखाली हिरवी शेडनेट, चारी बाजूंना बारीक जाळी, आणि आत लांबलचक टेबलांवर जांभळ्या-पांढऱ्या डेंड्रोबियमच्या कुंड्यांच्या रांगाच रांगा. कुंडीत माती नावालाही नाही. नारळाची सोडणं आणि कोळशाचे तुकडे, त्यांना धरून झाड उभं, आणि मुळं खुशाल बाहेर लोंबतायत. पहिल्या दिवशी मी ती मुळं नीट आत खोचायला लागले, तर मागून आवाज आला, "मॅडम, तेंका हवा खाऊंदे."

हे काका. सत्तरीचे, काटक, खाकी हाफपँट आणि वर इस्त्रीचा शर्ट. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी परळच्या एका गिरणीत सूतखात्यात होते. गिरणी बंद पडल्यावर दहा ठिकाणी कामं केली आणि मग चौदा वर्षांपूर्वी इथे आले ते इथेच रमले. सकाळी दोन बायका येऊन फुलं कापून, बांधून देत. ती दादरच्या बाजारात, हॉटेलांत, लग्नांच्या मांडवांत जात. त्या गेल्या की दिवसभर काका आणि मी.

आमचं पहिलं भांडण हवेवरून झालं. ऑर्किडला हवेत ओलावा लागतो, पण फार झाला तर बुरशी धरते. मी उत्साहाने एक आर्द्रता मोजायचं यंत्र विकत आणलं आणि मधल्या खांबाला लटकवलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, खिशातून सुताचं गुंडाळं काढलं, वीतभर तोडून दोन बोटांत ताणलं. पट्कन तुटलं.

"हवा सुकली. पाणी मारूक व्हया."

"काका, यंत्र बघा की. अजून वेळ आहे म्हणतंय."

"यंत्र काल इला. गिरणीत सूत तुटला की मुकादम आमका सोलायचो. हवा सुकी झाली की सूत तुटता, ह्या माका तेव्हापासून ठाव आसा."

मी हट्टाने थांबले. पंधरा मिनिटांत यंत्राचा आकडा घसरला आणि काकांनी फवाऱ्याचा कॉक फिरवला. वर धुकं पसरलं. मी त्या धुक्यात उभी राहून भिजले आणि भिजतानाच ठरवलं, निदान किड्यांच्या बाबतीत आपण हरायचं नाही.

किडे भरपूर होते. फुलांच्या आत शिरून पाकळ्यांवर डाग पाडणारे फुलकिडे, सोडणांत लपणाऱ्या गोगलगायी, आणि सगळ्यांत चिवट ते पिठ्या ढेकूण. पानाच्या बेचक्यात पांढरा कापसाचा पुंजका दिसला की समजायचं, आत रस पिणारी मंडळी बसलीयत. त्यांच्या अंगातून गोड चिकट पाणी गळतं, ते चाटायला मुंग्या येतात, आणि त्या मुंग्या या ढेकणांची अशी राखण करतात की जणू त्यांच्या गाईम्हशी. काकांनी प्रत्येक टेबलाचे पाय साबणाच्या पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, म्हणजे मुंग्या वर चढायला नकोत. आणि रोज दुपारी ते स्पिरिटमध्ये बुडवलेला ब्रश घेऊन एकेक पुंजका टिपत. सगळं तरुणपण गिरणीत कापूस अंगावर घेतलेला माणूस. पुंजका पानामागे असला तरी त्यांना रांगेच्या तोंडाशी उभं राहून दिसे. मला भिंग लावूनही दिसत नसे, याचा मला राग यायचा.

फेब्रुवारीत ऊन वाढलं आणि पुंजके काकांच्या ब्रशपेक्षा वेगाने वाढायला लागले. मी फोनवर वाचन करत होतेच. वाचलं की पिठ्या ढेकणांना खाणारे छोटे भुंगेरे मिळतात. शेतकरी त्यांना मित्रकीटक म्हणतात. ते सोडायचे आणि निवांत बसायचं. हे भुंगेरे वाढवणारी एक प्रयोगशाळा शोधून काढली. तिथल्या सरांनी फोनवर सगळं समजावून सांगितलं, निदान ते तरी तसं म्हणतात. मी अर्धंच ऐकलं असणार, कारण मी तोपर्यंत ऑर्डर देऊन मोकळी झाले होते.

काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे किडे मारूक किडे इकत हाडतल्यात?"

"हो."

"आणि मगे ते किडे मारूक काय हाडतल्यात?"

"त्यांना मारावं लागत नाही, काका. खाणं संपलं की ते निघून जातात."

"पावणे बरे आसत," काका म्हणाले आणि ब्रश धुवायला गेले.

पार्सल चुकून आमच्या पार्ल्याच्या घरी आलं, कारण पत्ता मी सवयीने तोच दिला होता. डब्यावर 'जिवंत, थंड जागी ठेवा' असं लिहिलं होतं. नवऱ्याने पहिला शब्द वाचलाच नाही आणि डबा फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवून दिला. मी अंघोळ करून येईपर्यंत भुंगेरे अर्धा तास गारठले होते. तशीच डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. हायवेवर रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, "मॅडम, डब्बे में केक आहे का? एवढं जपून धरलंय."

"किडे आहेत."

त्याने आरसा दुसरीकडे वळवला. खड्डे मात्र फार प्रेमाने चुकवले.

ऊन उतरल्यावर आम्ही डबा उघडला. काळपट, तांदळाच्या दाण्याहून लहान, डोकं केशरी. बाहेर आले ते जरा सुस्त होते, मग उबेला येऊन पानांवर चढले. काका डोळे बारीक करून बघत राहिले. एक भुंगेरा सरळ एका पुंजक्यात तोंड घालून बसला. काका म्हणाले, "जेवता हा." मला वाटतं, त्या क्षणी ते थोडे माझ्या बाजूला आले. त्या दिवसापासून आम्ही स्पिरिट आणि सगळी औषधं बंद केली. कारण औषधाने पाहुणेही मेले असते.

पुढे आठवडाभर काही झालं नाही. भुंगेरे दिसेनासे झाले. कुठे उडून गेले, पानांमागे लपले, कोण जाणे. मी रोज भिंग घेऊन फिरायचे आणि रोज मला पुंजकेच दिसायचे. मैत्रिणीचा व्हिडिओ कॉल आला की मी कॅमेरा फक्त फुलांकडे धरायचे.

मग शिमगा आला. काकांना गावी जायचं होतं. फुलं कापणाऱ्या दोघीही कोकणातल्याच, त्यांनीही सुट्टी मागितली. निघायच्या दिवशी काका पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, मागच्या वळीत टाकीकडे कापूस चलता. मी इल्यावर दाखवतंय."

मी म्हटलं, "बरं, बरं. तुम्ही निवांत जा."

मला वाटलं, ते म्हणतायत की पाण्याच्या टाकीकडच्या मागच्या रांगेत थोडाफार कापूस चालून जाईल, तिकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल. मुंबईत आपण दिवसातून पन्नास वेळा 'चलता है' म्हणतो. मी त्याच हिशेबाने ते कानात घेतलं.

दोन दिवसांनी सकाळी मी एकटीच आत शिरले, पहिल्या टेबलाशी वाकले आणि हातातलं भिंग बाजूला ठेवलं. त्याची गरजच नव्हती. पिठ्या ढेकूण वाढले होते. संख्येने नव्हे, आकाराने. आधी तिळाएवढे होते ते आता तांदळाच्या दाण्याहून मोठे, अंगावर पांढऱ्या लोकरीच्या झिपऱ्या. आणि एकदोन नव्हे, टेबलावर जिकडेतिकडे. भुंगेऱ्यांनी काही केलंच नव्हतं, उलट माझ्या औषधबंदीत ही मंडळी पोसली गेली होती. आठ दिवसांवर एका लग्नाच्या मांडवाची मोठी ऑर्डर होती, पांढऱ्या फुलांची. मैत्रिणीने ती जाताना दोनदा बजावून सांगितली होती.

मी साडी खोचली. काकांचा ब्रश, कापसाचे बोळे आणि स्पिरिटची बाटली काढली, आणि कामाला लागले.

इतकं मन लावून मी ऑफिसातही कधी काम केलं नसेल. एकेक पान उलटायचं, बेचक्यात ब्रश घालायचा, टिपलेला ढेकूण वर्तमानपत्रावर झटकायचा आणि मोजायचा. मोजण्याची सवय कुठे जाते? दुपारी नवरा डबा घेऊन आला आणि मदतीला थांबला. त्याने एक ढेकूण ब्रशने ढकलला तर तो तुरुतुरु पळाला.

"हे पळतात गं?"

"पळू देत. ह्या बाजूने धर."

खरं सांगायचं तर मलाही ते जाणवलं होतं. ढेकूण एरवी एका जागी बसून असतात, हे मात्र बोळा लागला की धूम ठोकत. पण मला त्याचा संताप आला. म्हटलं, खाऊन खाऊन यांना आता पळायचीही ताकद आली. मी आणखी जोरात ब्रश चालवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळी टेबलं झाली. टाकीकडची मागची रांग तेवढी राहिली. माझी कंबर धरली होती आणि काका 'चलता' म्हणालेच होते. वर्तमानपत्रावर पांढरी रास जमली होती. तीनशे बारा. मी तिचा फोटो काढला, वर नवऱ्याने मला ब्रशसकट उभं करून आणखी एक काढला, आणि मी दोन्ही फोटो भुंगेरेवाल्या सरांना पाठवले. खाली लिहिलं, "सर, तुमच्या भुंगेऱ्यांचा काही उपयोग झाला नाही. शेवटी मलाच हे करावं लागलं."

दोन मिनिटांत फोन आला.

"ताई, त्या कागदावर काय आहे?"

"पिठ्या ढेकूण. बघा ना, केवढाले झालेत."



"ताई, ढेकूण एवढे मोठे होत नाहीत. ही आपल्या भुंगेऱ्यांची पिल्लं आहेत."

"पण भुंगेरे तर काळे होते."

"मोठे झाल्यावर काळे. लहानपणी ती अगदी ढेकणांसारखीच दिसतात, पांढरी, झिपरी. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं." मग सर जरा मऊ झाले. "ढेकणांना खाऊनच ती एवढी मोठी होतात, ताई. म्हणजे तुमच्याकडे काम उत्तम चाललं होतं."

त्यांचं ते 'उत्तम' मला फार लागलं. मी उलट्या क्रेटवर बसले. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. तो माझ्याकडे आणि त्या राशीकडे आळीपाळीने बघत राहिला. हसू दाबायचा प्रयत्न त्याने मनापासून केला, एवढं मी त्याच्या बाजूने म्हणेन. मग म्हणाला, "सत्तावीस वर्षं खरे क्लेम तरी पास करायचीस ना गं?"

मी त्याच्याशी बोरीवली ते पार्ले बोलले नाही.

काका चार दिवसांनी आले. हातात मालवणी खाज्याची पुडी आणि गावच्या पालखीचा गुलाल अजून कानामागे. मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. भुंगेरे कुठे गेले असं विचारलं, तर 'उडाले असतील' म्हणायचं. पण ते पुडी उघडून म्हणाले, "घेवा, गोड खावा," आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळं सांगून टाकलं. फोटोही दाखवला.

"किती मारल्यात?"

"तीनशे बारा."

"मोजल्यात पण?" आणि काका हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग ते टेबलाला धरून उभे राहिले, मग खालीच बसले. मला राग यावा की आणखी रडू यावं, कळेना.

"रडतास कित्याक?" डोळे पुसत ते म्हणाले. "बाय, मी पयल्या वर्सा काय केलंय ठाव आसा?"

मॅडमची मी बाय कधी झाले, ते तेव्हा लक्षात आलं नाही. नंतर घरी आल्यावर आठवलं.

पहिल्या वर्षी काकांना कुणी सांगितलं नव्हतं की काही डेंड्रोबियमची पानं थंडीत गळून जातात आणि उरलेल्या नागड्या कांड्यांनाच पुढे फुलं येतात. त्यांनी पानं गळलेली झाडं मेली समजून शंभरभर कुंड्या कुंपणापलीकडच्या कचऱ्यावर नेऊन ओतल्या. दोन महिन्यांनी माझी मैत्रीण फिरायला म्हणून त्या बाजूला गेली, तर कचऱ्यावर जांभळ्या फुलांचा बहर, आणि पार्कातली माकडं ती फुलं खुडून खातायत. "मॅडमनी माका बोलावन नेल्यानी आणि इचारल्यानी, काका, ह्या काय? मी म्हटलंय, माकडांचा लगीन आसा."

आता मलाही हसू आलं. मग ते उठले. "चला. टाकीकडे काय ठेवलास की थय पण हात मारलास?"

"तिकडे नाही गेले. तुम्हीच म्हणालात ना, चलता म्हणून?"

"होय तर. कापूस चलता."

"म्हणजे, चालेल. असू दे थोडा."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "चलता म्हणजे चलता! पायान!" त्यांनी दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. "कापूस कधी चलता काय? चाललो म्हणजे तो कापूस न्हय. ताच तुमका दाखवचा होता."

भिंग नाही, सर नाहीत, फोन नाही. चाळीस वर्षांपूर्वी गिरणीत डोळ्यांना लागलेल्या सवयीवर त्यांनी ते ओळखलं होतं. टाकीकडच्या रांगेत आम्ही वाकून पाहिलं. तिथे ती होती, पांढरी, झिपरी, आपली तुरुतुरु हिंडणारी, आणि त्या रांगेत खऱ्या पिठ्या ढेकणांचा पुंजका शोधूनही सापडत नव्हता. काकांनी एका पिल्लाला ब्रशच्या टोकावर घेतलं, अलगद नेऊन पहिल्या टेबलावर पुन्हा धरलेल्या पुंजक्यापाशी सोडलं. मी दुसरं घेतलं. ती सगळी दुपार आम्ही एकेक पिल्लू पोचवत होतो. मी प्रत्येकाला मनात सॉरी म्हणायचे. काकांना ते ऐकू गेलं असावं, कारण एकदा ते म्हणाले, "तेंका मराठी कळता काय, बगा."

लग्नाची ऑर्डर निभावली. पुढच्या टेबलांवर काही फुलं डागाळली होती, ती वगळून टाकीकडची पांढरी फुलं दिली. मांडववाल्याने काही विचारलं नाही. एप्रिल अर्धा सरला तोवर काळे भुंगेरे पुन्हा दिसायला लागले, यावेळी आमच्याकडेच वाढलेले. पुंजके गेले असं नाही, पण काकांच्या एका ब्रशला पुरतील इतके उरले. सरांनी आणखी एक डबा पाठवला. यावेळी मी त्यांचा फोन वही घेऊन ऐकला.

मैत्रीण आली ती नातवाचे फोटो दाखवतच. मी तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकांनी तुला माकडांच्या लग्नाचं सांगितलं का?"

"सांगितलं."

"मग तू आता इथलीच झालीस. उद्या नऊला ये." तेव्हापासून मी रोज नऊला जाते.

यंदा त्या सरांनी फूलशेतीवाल्यांसाठी एक प्रशिक्षण ठेवलं होतं आणि मला तिथे पाच मिनिटं बोलायला सांगितलं, विषय मीच निवडायचा. मी तीनशे बाराचा फोटो पडद्यावर लावला. लोक खूप हसले. मला वाटलं होतं तेवढी लाज वाटली नाही. चहाच्या वेळी एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, वसईकडचे, जरबेरावाले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही ब्रशने तरी मारलेत. मी सगळीकडे औषधाचा फवारा मारला. बायकोला अजून माहीत नाही."

मी त्यांना बिस्किटाची बशी पुढे केली. त्यांच्या मागे आणखी दोघे घुटमळत उभे होते.